भाऊंची तहान

शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गोदामांवर कामाला निघालेली माणसं जेवणाचे डबे हातात धरून थांबली होती. कुंपणाबाहेर टेम्पो उभे करून ड्रायव्हर टपावर चढले होते. ओट्यावर बायकांची इतकी दाटी होती की घरच्या माणसांनाच दारातून बाहेर येता येईना. एवढी माणसं एका जुन्या जीपकडे बघत होती. जीपच्या बॉनेटवर लाल कापड, कापडावर लिंबं, आणि लिंबांच्या मधोमध टेमघरच्या हिरानाथ महाराजांचा उजवा पंजा. प्रत्येक बोटात अंगठी.

"भाऊ," महाराजांनी बॉनेटला विचारलं, "तहान भागली का?"

बॉनेट काही बोललं नाही. महाराजांनी त्याला कान लावला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"भागली म्हणतो. आज गाडी सोडतो म्हणतो."

ओट्यावर कुणीतरी हुंदका दिला. महाराजांचा शिष्य चिंधू पुढे झाला. बॉनेट वीतभर उचलून, लाल कापड पडद्यासारखं धरून त्याने आत हात घातला, काहीतरी पुटपुटला, बॉनेट लावलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसून किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं आणि सुरू झालं.

किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होणं ही घटना भिवंडी तालुक्यात रोज सकाळी हजारो वेळा घडते. त्या दिवशी आमच्या वळ गावाने त्यासाठी चपला काढून हात जोडले.

भाऊ म्हणजे माझे वडील, पंढरी. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणायचो. जीप त्यांची. तिच्यातून गावातल्या किती बाळंतिणी दवाखान्यात गेल्या आणि किती नवऱ्या सासरी गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही, भाऊंनी तर नाहीच. फेब्रुवारीत मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. तेराव्यानंतर मी कल्याणला परतले. तिथे मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि दहावीचं वर्ष आपल्या दुःखासाठी थांबत नाही. फोनवर माझा धाकटा भाऊ धनेश एवढंच सांगायचा, "गाडीत कायतरी हाय, ताई. महाराज बघतायत." कोणते महाराज, काय बघतायत, हे विचारलं की फोन वहिनीकडे जायचा.

परीक्षा संपल्या आणि मी गुरुवारी रात्री घरी आले. आई निजली होती. सकाळच्या त्या गर्दीत मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. ती ओट्याच्या टोकाला खांबाला टेकून बसली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या, भेगांत रक्त सुकलं होतं. एप्रिलचं ऊन, त्यात भारनियमनामुळे पंखा बंद. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. तिने तो हाताच्या पाठीने बाजूला सारला.

"अजून न्हाय. महाराज सांगतील तेव्हा."

"कधीपासून प्यायली नाहीस?"

"कालच्या पहाटेपासून," वहिनी दीपाली हळूच म्हणाली. "गुरुवारी निर्जळी असते. बाकीच्या दिवशी एक तांब्या, तो पण आई अर्धाच पितात. रक्तदाबाची गोळी कोरडीच गिळतात."

"आणि कशासाठी?"

दीपालीने जीपकडे पाहिलं. मग माझ्या आत्याकडे पाहिलं. आत्याला आम्ही आक्का म्हणतो. भाऊंची मोठी बहीण. आक्काने आपला आवाज चढवून, अंगणाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "कशासाठी म्हंजे? माझा भाऊ पानी पानी करत गेला. हिनं त्याला पानी दिला न्हाय. आता तो रात्री येतो नि बॅटरी पितो!"

*

पुढच्या तासाभरात मला सगळी कथा कळली. जो तो मध्येच बोलत होता, पण गाभा असा.

भाऊंच्या आजारपणात जीप महिनोन्‌महिने उभी होती आणि तिची बॅटरी मेली होती. तेराव्याला पाहुण्यांची ने-आण करायची म्हणून धनेशने नवी बॅटरी आणली. ती जोडत असताना हातभर ठिणगी उडाली, बॉनेटखालून धूर निघाला आणि जळका वास पानांवर बसलेल्या माणसांपर्यंत गेला. मी तेव्हा आत स्वयंपाकघरात होते, मला नुसता वास आला होता. हॉर्न मुका झाला. भाऊंचा टेप कॅसेट आत घेऊन कायमचा बंद पडला. त्यानंतर जीप चालू झाली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी रिकामी. शहरातून चार्ज करून आणली, पुन्हा सकाळी रिकामी. रात्रभर अंगणात उभी, ना दिवा चालू ना काही, आणि तरी सकाळी कोरडी ठणठणीत.

मग आक्काने हिरानाथ महाराजांना आणलं. टेमघरला यंत्रमागाचा एक बंद पडलेला गाळा आहे. माग भंगारात गेले आणि त्या जागी महाराजांचा मठ आला. महाराजांनी जीपला प्रदक्षिणा घातली, बॅटरीची झाकणं उघडायला लावली आणि गावाला बोलावून विचारलं, "बॅटरीत काय असतं?"

"पानी," लोक म्हणाले.

"किती उरलंय?"

लोकांनी वाकून पाहिलं. पाणी रेघेच्या बरंच खाली गेलं होतं.

"कोण प्यायलं?"

यापुढे महाराजांना काही सिद्ध करायची गरज उरली नाही. त्यांनी फक्त समजावून सांगितलं. माणसाचा आत्मा बारा व्होल्टवर चालतो. देह गेला की आत्म्याला ऊर्जा बाहेरून घ्यावी लागते. जीपची बॅटरीही बाराच व्होल्टची, म्हणून भाऊंना ती सोसते. राघोकाका, म्हणजे आमचे शेजारी, ट्रकवर आयुष्य घालवलेले. ते म्हणाले, "महाराज, आमचा ट्रक चोवीस व्होल्टचा होता."

"म्हणून तर," महाराज अजिबात न अडखळता म्हणाले, "ट्रकात नवरा-बायको दोघांचे आत्मे राहू शकतात."

आणि माणसांनी माना डोलावल्या. ज्या गावातली निम्मी पोरं गाड्यांवर आहेत त्या गावातल्या माणसांनी.

उपाय असा. ज्या बाईने पाणी नाकारलं तिने पाणी सोडायचं, म्हणजे तिच्या वाटणीचं भाऊंना पोचेल. दर गुरुवारी चिंधू बॅटरी काढून शुद्धीसाठी मठात नेणार, संध्याकाळी आणून बसवणार, आणि महाराज जीपला बंधन घालणार. शुक्रवारी सकाळी जीप सुरू होणार. आणि खरंच व्हायची. दर शुक्रवारी. शनिवारी मात्र पुन्हा बंद, कारण बंधन नाही, आणि कारण आईने तोवर तांब्याभर पाणी प्यायलेलं असायचं.

हे एवढंही पुरेसं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी जीप मठाला अर्पण करायची होती. भाऊंची गाडी देवकार्याला लागली की भाऊ मोकळे, आणि आईचं पाणीही मोकळं. नाही दिली तर आईने मरेपर्यंत तांब्यावर राहायचं. हे सांगताना आक्काचा स्वर असा होता, की दुसरा पर्याय तिला अगदीच नापसंत नव्हता.

मी आईजवळ बसले. ज्या डॉक्टरांनी भाऊंचं पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं त्यांच्यासमोर मीही होते. पाणी शरीरातून बाहेर पडत नव्हतं, फुप्फुसांत साचत होतं. एक जादा पेला म्हणजे श्वास कोंडणं. आईने तो नियम पाळला. भाऊ मागायचे, शिव्या द्यायचे, शेवटी शेवटी तिला ओळखेनासे झाले तरी पाणी मागायचे, आणि ती ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवत राहायची. तिने पाणी नाकारलं म्हणून भाऊ मेले नाहीत. नाकारलं म्हणून काही दिवस जास्त जगले.

"हे तुलाही माहीत आहे," मी म्हणाले.

"माहीत हाय." ती जीपकडे बघत होती. "पन मी पानी दिला न्हाय, हे खरा हाय ना? नि गाडी रात्रीची रिकामी व्हते, हे पन खरा हाय ना? मंग खोटा काय हाय, ते तू मना दाव."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने योग्य तेच मागितलं होतं. दाखव.

*

महाराजांचा आत्मसिद्धांत माझ्या डोक्यातून जाईना, पण त्याहून जास्त चिंधूचा सदरा जाईना. भगवा, सुती, आणि पोटाशी चाळणीसारखी बारीक बारीक भोकं पडलेला. ती कसरीची भोकं नव्हती. तशी भोकं माझ्या प्रयोगशाळेतल्या ॲप्रनला आहेत. सौम्य गंधकाम्लाचा थेंब सुती कापडावर पडला की लगेच काही दिसत नाही. धुतल्यावर तिथे भोक पडतं. मंत्राने सदऱ्याला भोकं पडत नाहीत. बॅटऱ्या पोटाशी धरून वाहिल्याने पडतात.

दुपारी भिवंडीला जाण्याच्या निमित्ताने मी टेमघरला उतरले. मठाच्या भिंतीला लागून बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ओळीने बॅटऱ्या लावलेल्या, झाकणं उघडी, आत बुडबुडे. दुकानाला मागच्या बाजूने मठात उघडणारं दार होतं आणि पाटीवर मालकाचं नाव होतं: हिरामण. नाथपंथ स्वीकारायच्या आधीचं नाव असावं. शुद्धी म्हणजे काय ते मला कळलं. शिवाय पाणी कोण प्यायलं तेही कळलं. चार्जिंगला जोराने लावलेल्या बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडून जातं, आणि ते पुन्हा भरावं लागतं. भाऊ दर रविवारी भरायचे. त्यांच्यानंतर कुणी भरलं नव्हतं, आणि इथे तर मुद्दामच नाही.

पण बॅटरी रात्री रिकामी होत होती, हे अजून उरलंच होतं. ती महाराजांनी रिकामी केलेली नव्हती. त्यांना ती तशी आयती मिळाली होती.

शनिवारी सकाळी जीप नेमाप्रमाणे मेलेली. आक्काने आईकडे पाहिलं आणि आईने खाली पाहिलं. मी बॉनेट उघडलं. इंजिनला हात लावला. रात्रभर उभं, दगडासारखं गार. मग शेजारच्या डायनामोला हात लावला. शुद्ध नाव अल्टरनेटर, पण गावात तो डायनामोच. तो कोमट होता.

मी हात काढला आणि पुन्हा लावला. बंद गाडीचा डायनामो गरम व्हायला काहीच कारण नाही. डायनामोने बॅटरीला वीज द्यायची असते, घ्यायची नसते. ती उलट वाटेने जाऊ नये म्हणून त्याच्यात डायोड असतात, सायकलच्या ट्यूबला वॉल्व्ह असतो तसे. हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. इथे वॉल्व्ह जळले होते. बॅटरी रात्रभर डायनामोत गळत होती आणि तिथे ऊब होऊन संपत होती.

सगळे वॉल्व्ह एकाच दिवशी जाळायचा एक खात्रीचा मार्ग आहे. बॅटरी उलटी जोडायची.

मी दोन्ही तारांच्या पकडी सोडवल्या. एका तारेला भाऊंनी लाल चिंधी बांधली होती. तारा तेलाने काळ्या झाल्या की ओळखू येत नाहीत, म्हणून ही त्यांची खूण: लाल म्हणजे अधिक. त्या पकडीच्या आतल्या खाचेत काहीतरी लाल बसलं होतं. मी ते नखाने खरवडलं. कुंकू. दुसऱ्या पकडीच्या आत पिवळं. हळद. आता बॅटरीची दोन डोकी, म्हणजे तारा बसवायचे टर्मिनल, पाहिली. कुंकवाचा डाग वजा खुणेच्या डोक्याच्या बुडाशी होता, आणि हळद अधिकच्या. म्हणजे लाल चिंधीची पकड कधीतरी वजा डोक्यावर बसली होती. अधिकचं डोकं जाड असतं, वजाचं बारीक. बिनचिंधीची पकड पटाशीने फाकवून, हातोडीने ठोकून जाड डोक्यावर बसवल्याच्या खुणा तिच्यावर ताज्या होत्या.

"आक्का," मी ओट्यावर हाक मारली, "नव्या बॅटरीची पूजा कुणी केली होती?"

"मीच. लोखंड घरात पूजेबिगर येत न्हाय आपल्यात. एका डोक्याला हलद, एका डोक्याला कुंकू. का?"

"काही नाही."

धनेश गोठ्यामागे मोटारसायकल पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"लाल चिंधीची तार कुठे लावलीस, पहिल्यांदा?"

बराच वेळ त्याचा फडका फिरत राहिला. "लालला लाल," तो म्हणाला. "भाऊच म्हनायचे ना, लालला लाल. खुना कुंकवानं झाकल्या व्हत्या. मना वाटला कुंकू म्हंजे अधिक."

"पकड बसत नव्हती. तरी ठोकलीस."

"पानावर मानसा बसलेली, ताई! मामा बोंबलत व्हता, गाडी काढ, गाडी काढ. ठोकली. मग जाळ झाला. मी घाबरून तारा बदलल्या, फ्यूजमधी वायर कोंबली. चालू झाली. मना वाटला मिटला."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी लोक बोलायला लागले का भाऊ रागावले. मग मी कसा बोलू? बाप जाऊन तेरा दिवस, नि पोरानं त्याची गाडी जालली?"

"म्हणून बापानेच जाळली असं होऊ दिलंस."

त्याने फडक्याची घडी घालून सीटवर ठेवली.

"आई पाणी पीत नाही, धनेश."

"मना दिसतंय," तो म्हणाला. त्याला दिसत होतं हेच तर भयंकर होतं. चूक कुणाच्याही हातून होते. आक्काचं कुंकू हा गुन्हा नव्हता आणि धनेशची घाईही नव्हती. पण चूक झाकायला माणसाने भूत वापरलं, की त्या भुताचं पोट भरायला घरातलं सर्वांत गरीब माणूस लागतं. आमच्या घरात ते आई होती.

*

अर्पणाच्या आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, महाराज आले. शेवटचं बंधन म्हणून गर्दी दुप्पट होती. चिंधूने शुद्ध झालेली बॅटरी आणून बसवली, पोटाशी धरून, सदऱ्याची नवी भोकं तयार करत. आई त्या पहाटेपासून कोरडी होती. त्या दिवशी तरी पाणी पी म्हणून मी तिच्या हातापाया पडले होते. "दावतंस म्हनालीस ना? दाव मंग," एवढंच ती म्हणाली होती.

मी अंगणात उतरले. हातात हेडलाइटचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, आणि एक पाना.

"महाराज," मी म्हणाले, "भाऊ बॅटरी पितात ते आम्हाला दिसेल का?"

महाराज दयाळू हसले. "ताई शिकलेल्या आहेत. शिकलेल्यांना डोळ्यांनी बघायचं असतं."

"हो. लहानपणापासूनची खोड."

मी अधिकची तार बॅटरीवरून काढली आणि तार आणि डोकं यांच्यामध्ये बल्ब जोडला. किल्ली चिंधूच्या हातात होती. जीप पूर्ण बंद. बल्ब पिवळा, मंद, पण स्पष्ट पेटला.

ओट्यावरून आवाज उठला. टेम्पोवरचा एकजण ओरडला, "अरे, जल गया! गाडी बंद है और बल्ब जल गया!"

मी महाराजांकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत दुकानदार जागा झाला. मग त्यांनी ठरवलं, आणि चुकीचं ठरवलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "बघा! बघा! भाऊ पितोय! ह्याच घटकेला पितोय! ही आत्म्याची ज्योत!"

"म्हणजे हा उजेड भाऊंचा?"

"साक्षात!"

"भाऊ गाडीत आहेत तोवर हा पेटलेला राहणार?"

"कोण विझवणार? माझ्या बंधनाशिवाय कोणाची ताकद नाही!"

मी वाकले आणि डायनामोमागचा नट पान्याने सोडवून जाड तार उपसली. बल्ब विझला.

मी तार पुन्हा टेकवली. बल्ब पेटला. काढली. विझला. टेकवली, काढली. मग तार राघोकाकांच्या हातात दिली. "काका, तुम्ही करा." त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग तार लावली, काढली, लावली, काढली. चौथ्या वेळी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"च्यायला," ते म्हणाले, "भाऊ नटाखाली ऱ्हातो का?"

पहिल्यांदा बायका हसल्या. मग सगळेच.

"हे यंत्र आहे!" महाराज ओरडले. "यंत्र म्हणजे आत्म्याचं शरीर! ताई, विज्ञान जिथं संपतं—"

"विज्ञान अजून बॅटरीपाशीच आहे, महाराज. तुमचं बंधन दाखवा ना. चिंधू, बॉनेटमध्ये हात घालून तू दर गुरुवारी काय करतोस?"

चिंधूने महाराजांकडे पाहिलं.

"मी सांगते. तो ही तार सैल करून बाजूला ठेवतो. तार नाही, तर गळती नाही. बॅटरी रात्रभर भरलेली. सकाळी पुन्हा हात घालून तार लावतो, किल्ली फिरवतो, आणि तुम्ही गावकरी चपला काढता. मंत्र म्हणतो तो तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघावं म्हणून. हाताकडे कुणी बघू नये म्हणून."

"गाडी बिघडली कशी मग? तेराव्यालाच कशी?" आक्का उठली होती. "त्या दिवशीचा जाळ मी ह्या डोल्यांनी बघितला!"

मी धनेशकडे पाहिलं नाही. त्याला वेळ दिला. बल्ब विझलेला होता आणि आई खांबाला टेकून बसली होती, आणि तिच्या ओठांवरची भेग त्याच्या जागेवरूनही दिसत असणार.

"जाळ मी केला," धनेश म्हणाला.

तो अंगणात मध्यभागी आला. गर्दीशी बोलला नाही, आईशी बोलला. "बॅटरी उलटी जोडली, आये. घाईत. तारा उलट्या बसल्या नि डायनामो जळला. भाऊ न्हाय आलेत. कोन न्हाय आला. मी जालली, नि गप बसलो. तुजा काय न्हाय त्याच्यात. तुजा कायच न्हाय."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. दीपाली तांब्या घेऊन तयार उभी होतीच. आईने तो तोंडाला लावला आणि सगळ्या गावादेखत प्यायली, घटाघट, थांबत, पुन्हा प्यायली. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं.

महाराजांनी अजून एक प्रयत्न केला. "पी, माई, पी," ते कुंपणाच्या दाराकडे सरकत म्हणाले. "सकाळी गाडी बंद दिसेल तेव्हा मला बोलवायला येऊ नका."

"तुम्हीच या ना," राघोकाका म्हणाले. "चपला घालून या."

*

रात्री आई मनसोक्त पाणी प्यायली. कुठलंही बंधन घातलं नाही, लिंबू ठेवलं नाही, आक्काने गुपचूप ठेवलेली मिरची दीपालीने उचलून आमटीत टाकली. मी फक्त बॅटरीची तार काढून ठेवली, सगळ्यांसमोर, हाताकडे बघा म्हणत.

सकाळी गर्दी होती. महाराज नव्हते. मी तार लावली आणि किल्ली आईच्या हातात दिली. ती कधी त्या जागेवर बसली नव्हती. ती चढली, लुगडं सावरलं, दोन्ही हातांनी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि सुरू झालं. या वेळी कुणी चपला काढल्या नाहीत. आक्का ओट्यावरून उठून आत गेली, आणि थोड्या वेळाने आईसाठी चहा घेऊन बाहेर आली. तिच्याकडून एवढंच येणार होतं, आणि ते पुष्कळ होतं.

डायनामोतले डायोड पुढच्या आठवड्यात धनेशने बदलून घेतले. हॉर्न आला. टेप नाही आला. भाऊंची कॅसेट अजून त्याच्या आत आहे.

त्या सकाळी आई चहाचा कप हातात धरून जीपमध्येच बसून राहिली. मी जवळ गेले. "तहानलेलेच गेले पन," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "तहानलेलेच गेले."

हे खोटं नाही, आणि विज्ञान ते खोटं ठरवत नाही. माणूस जातो तेव्हा काहीतरी द्यायचं राहिलेलंच असतं. त्या राहून गेलेल्याची टोचणी ज्याला त्याला सोसावी लागते. हिरानाथासारख्यांचा धंदा त्या टोचणीवरच चालतो. तुमच्या बॅटरीत काय बिघडलंय हे त्यांना कधीकधी खरोखर कळतं. तुमच्यात काय बिघडलंय हे तर नेमकंच कळतं.

म्हणून एवढंच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी दोन गोष्टी करा. मंत्र वगळून तेच करून दाखवा म्हणा. आणि मंत्र चालू असताना त्याच्या तोंडाकडे नको, हाताकडे बघा. तेवढं कळेपर्यंत घरातल्या कुणाचं पाणी तोडू नका. मेलेल्यांना तहान लागत नाही. जिवंत माणसांना लागते.